हळूमामाची हाक

हळूमामा परीक्षेत नापास झाला तो माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे ओघात मी ते कुठेतरी वळचणीला खोचून ठेवीन आणि तुम्हाला सापडणारही नाही. भाषणं करून करून ही खोड लागते: यश आपलं, अपयश परिस्थितीचं.

हळूमामा हा आमच्या बांधकाम कामगार संघटनेतला सगळ्यात जुना सुतार. वय एकोणसाठ. खरं नाव मस्टरवर असेल, ते हाक मारायला कुणी वापरलं नाही. उंचावर लाकूड चढवताना प्रत्येक हाकेच्या आधी तो ‘हळू’ म्हणायचा, म्हणून हळूमामा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, कानावर पेन्सिल, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. नवीन लाकूड आलं की हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहायचा. बैल घेणारा माणूस बघतो तसा. फक्त दात मोजायचे बाकी ठेवायचा. मग एका टोकाला कान लावून दुसऱ्या टोकाला बोटाने टिचकी मारायला सांगायचा आणि म्हणायचा, आतून किडलंय, किंवा काहीच म्हणायचा नाही. काहीच म्हणाला नाही की लाकूड चांगलं.

त्याचा सासरा सुतार होता. लग्नानंतर धंदा त्यानेच शिकवला आणि मग जावई बांधकामांच्या मागे पंचवीस वर्षं फिरला. या नदीच्या काठी दोन वर्षं, त्या डोंगराच्या पायथ्याशी तीन. जिथे काम, तिथे बिऱ्हाड. तुम्ही मूळचे कुठले, असं विचारलं की म्हणायचा, ज्याच्या दाराला चौकट बसवतोय त्याच्या गावचा.

आणि इथेच माझं डोकं फिरायचं.

त्याच्या टोळीत चार जण. एक खाडीकडचा, एक डोंगरापलीकडचा, एक नदीपल्याडचा आणि चौथा याच शहरात वाढलेला. लाकूड गुळगुळीत करायच्या हत्याराला एक रंधा म्हणायचा, दुसरा रंदा, तिसरा रांधा. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लटकवतात त्या वजनाचा कुणी ओळंबा केला होता, कुणी वळंबा. फटीत ठोकायची पाचर डोंगरापलीकडे पच्चर होती आणि खाडीकडे पाचार. कळायचं सगळ्यांना सगळं. शब्द तेच, ज्याच्या त्याच्या आईने थोडे वेगळे तासून दिलेले.

हळूमामा ज्याच्याशी बोलेल त्याचा शब्द वापरायचा. डोंगरवाल्याला म्हणायचा पच्चर मार. मान वळवून खाडीवाल्याला म्हणायचा पाचार धर. एका श्वासात दोन गावं करून यायचा. मला हा कणाहीनपणा वाटायचा. माणसाने एक काय ते बोलावं आणि त्यावर ठाम राहावं, हा माझा बाणा. मी त्याला चारचौघांत सरडा म्हणालो.

“सरडा झाडावरून पडत नाही, नेतेभाऊ,” एवढंच तो म्हणाला आणि पटाशीला धार लावत बसला.

मला तेव्हा हे पळवाटेचं उत्तर वाटलं. समोरच्याचं म्हणणं समजलं नाही की ते पळवाटेचं वाटतं, हा माझा जुना अनुभव आहे. फक्त तो मला नेहमी नंतर येतो.

आता शुद्धतेचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं शिक्षण मी रद्दीच्या दुकानात केलं. तिथेच मला एक जाडजूड शब्दकोश वजनावर मिळाला. त्याची सुरुवातीची पानं कुणीतरी पुड्या बांधायला वापरली होती, म्हणजे कोश सुरूच व्हायचा ‘क’पासून. त्यामुळे ओळंबा आणि आढं हे दोन शब्द मी स्वतःच्या अधिकारात शुद्ध केले. बाकीच्यांना कोशाचा आधार होता.

नगरपालिकेच्या शाळेचं सभागृह नव्याने बांधायचं ठरलं होतं, छप्पर लाकडी. काम संघटनेच्या माणसांना मिळावं म्हणून आम्ही दोन महिने भांडलो आणि एक नियम पदरात पाडून घेतला: टोळीच्या प्रमुखाची सरकारी तपासनिसासमोर परीक्षा होईल आणि पास झाला तर त्याला मुख्य मिस्त्री म्हणून कार्ड मिळेल. नापास झाला तर कंत्राटदार आपला माणूस आणेल आणि आमचा माणूस त्याच्या हाताखाली मदतनीस. या नियमासाठी मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. कारागिराला कागद मिळालाच पाहिजे, ही घोषणा माझीच. हळूमामाने चाळीस वर्षं छपरं चढवली होती, त्याच्याकडे कागदाचा तुकडा नव्हता. आता एकतर कार्ड, नाहीतर उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या हाकेवर फळ्या उचलायच्या.

नियम ठरवायच्या बैठकीत आमचा नदीवाला बोलायला उभा राहिला. बोलताना वळंबा म्हणाला. तपासनीस शेजारच्या कारकुनाकडे बघून हसला. बस, नुसता हसला. मी टेबलावर हात आपटून त्याला माफी मागायला लावली. इथवर ठीक होतं. पण घरी चालत येताना तो राग तपासनिसावरून उतरला आणि आपल्याच माणसांवर जाऊन बसला. राग पाण्यासारखा असतो, उतार दिसेल तिकडे जातो, आणि उताराला नेहमी आपलीच माणसं राहतात.

त्याच आठवड्यात मी बेचाळीस शब्दांची यादी केली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शुद्ध बोला, ताठ चाला. झेरॉक्स काढल्या, कामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिकटवल्या आणि सभा घेऊन ठराव मांडला की यापुढे संघटनेचा प्रत्येक माणूस कामावर हेच शब्द, असेच उच्चारील. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करायची सवय आमच्या लोकांना मीच लावलेली आहे.

पुढचे चौदा दिवस मी रोज कामावर हजर. शिडीखाली उभा राहून वरच्या माणसाचे उच्चार दुरुस्त करायचो. तिसऱ्या दिवसापासून टोळीचं बोलणं कमी झालं. मी आलो की ते बोटं दाखवायचे, ते दे, हे घे. मला वाटलं, शिस्त आली. संध्याकाळी मी कार्यालयात सांगितलंसुद्धा, की पोरं आता विचार करून बोलतात.

खरी गोष्ट ही की ठराव फक्त एकाच माणसाने मनावर घेतला होता.

परीक्षेच्या दिवशी काम होतं आढं चढवायचं. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारं मुख्य लाकूड. बावीस फुटांचं, माणसाच्या कमरेएवढं जाड. दोन्ही भिंतींच्या शेंड्यांवर खोबणी केलेल्या. एकेका खोबणीपाशी एकेक माणूस, हातात मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, आणि पाचर. खाली दोघे कप्पीवरून आलेले दोर धरून. प्रत्येकाच्या पायाशी जमिनीत ठोकलेला खुंटा, भार पेलायची वेळ आली की त्याला दोराचा वेढा घालायचा. हळूमामा मध्ये, बांबूंच्या परांचीवर. त्याने हाका द्यायच्या आणि चौघांनी त्या हाकांवर हलायचं. एकाचा दोर अर्धी वीत आधी ओढला गेला तरी लाकूड तिरकं होतं, म्हणून सगळा खेळ हाकेच्या वेळेचा.

तपासनीस खुर्चीवर बसला. मी त्याच्या मागे, हाताची घडी घालून. तपासनिसाला आता कळेल, असा चेहरा करून मी उभा होतो. मला स्वतःला दिसत नव्हता, पण तो चेहरा मी पुष्कळदा केलेला आहे.

हळूमामा म्हणाला, “हळू.”

मग थांबला. ओठ हलले, शब्द आला नाही. मग माझ्या यादीतला, कोशात असतो तसा, काना-मात्रेसकट शब्द आला. चौघे हलले, पण एकेक करून, पाहुणे जेवायला उठतात तसे. पुढची हाक. पुन्हा तसाच थांबला. तो शब्द शोधत होता, तेवढा वेळ बावीस फुटांचं लाकूड हवेत लटकत होतं आणि चौघे त्याच्या तोंडाकडे बघत होते. ज्यांनी आयुष्यात कधी त्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, कारण त्यांची नजर लाकडावर असायची. डावं टोक खोबणीत गेलं, उजवं हातभर खाली राहिलं, लाकूड अडकलं आणि भिंतीच्या कडेचा गिलावा खरवडून धपकन खाली आला. लागलं कुणाला नाही. आढं परत उतरवायला लागलं.

तपासनिसाने फॉर्म भरला. टोळीवरील नियंत्रण: असमाधानकारक. हळूमामाने परांचीवरून उतरून चष्मा पुसला आणि हत्यारं पिशवीत भरली.

मी काय केलं? फाटकापाशी उभा राहून दहा मिनिटं भाषण केलं. तपासनीस विकला गेलाय, कंत्राटदाराचा हात आहे, आम्ही बघून घेऊ. एकही टाळी पडली नाही. नदीवाला मान खाली घालून आपल्या तळहातावरचा दोराचा वळ बघत होता. शेवटी डोंगरवाला म्हणाला की घोषणा द्यायची असेल तर देतो, पण आधी मामाच्या घरी कुणी जाणार आहे का.

गेलो मी.

हळूमामाचं घर दोन खोल्यांचं, कापडाच्या गोदामामागे. त्याच्या दाराबद्दल संघटनेत बोललं जायचं: एका बोटाने ढकललं तर आवाज न करता मिटतं. दार तसंच होतं. पण त्याच भिंतीतली खिडकी अकरा वर्षं अडकलेली, ती उघडायला खांद्याचा धक्का लागतो. दिव्याखाली अंधार असतोच. मामी शिवणयंत्रावर बसली होती. शाळेचे गणवेश शिवायचं काम घेते ती. मामा मागे हात धुवायला गेला होता. मी बसायच्या आधी माझं लक्ष शिवणयंत्राच्या वर गेलं. तिथे माझी यादी चिकटवलेली होती. बेचाळीस शब्द, आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने बारीक खुणा.

मामीने पाय थांबवला नाही. शिवता शिवताच सांगितलं की ती कागद धरायची आणि तो पाठ म्हणायचा. त्याला वाचता येतं, पण अक्षरं जोडून, फळ्या जोडतो तसं, वेळ घेऊन. म्हणून ती विचारायची. चौदा दिवस रोज जेवण झालं की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि शब्द घोकायचा. चुकला की स्वतःवरच चिडायचा. त्याला चिडलेला तिने पहिल्यांदा बघितला.

मग यंत्र थांबलं.

“भाऊ, चाळीस वर्षांत यांना लोकांनी शिव्या दिल्या, कामावरून काढलं, सगळं केलं. पण मुकं कुणी केलं नव्हतं,” मामी म्हणाली. “ते तुम्ही केलंत.”

मी भिंतीवरच्या यादीतल्या पेन्सिलीच्या खुणा मोजू लागलो.

मामा टॉवेलने हात पुसत आला. त्याने मलाच पाणी दिलं. मी विचारलं, जमत नव्हतं तर सोडून का नाही दिलंत, टोळीतल्या बाकीच्यांनी दिलं तसं. तो म्हणाला, तुम्ही आमच्यासाठी भांडता. भांडणाऱ्याचा शब्द आपल्याच माणसांत पडला तर बाहेर तो काय तोंडाने भांडणार. हे ऐकून मला शिवी खाल्ल्यासारखं झालं. शिवी परवडली असती.

मग मी ते विचारलं जे दोन वर्षांपूर्वी सरडा म्हणण्याऐवजी विचारायला हवं होतं. प्रत्येकाशी त्याच्या उच्चारात का बोलता?

मामा खाटेच्या कडेवर टेकला. त्याने सांगितलं ते असं. माणूस भिंतीच्या शेंड्यावर उभा असतो, एका हातात मोगरी, पायाखाली वीतभर जागा. त्याला विचार करायला लावायचा नाही. खाली उभं असताना कुठलाही शब्द चालतो, दहा प्रकारे म्हणा, समजतं. पण वर, भार अंगावर असताना, लहानपणी घरात ऐकलेला शब्द डोक्यात न थांबता हातात उतरतो. दुसरा शब्द आधी डोक्यात जाऊन बसतो, मग हातात येतो. तेवढ्यात लाकूड सरकतं. त्याच्या सासऱ्याची हीच रीत होती: नवीन माणूस टोळीत आला की पहिल्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही, त्याच्याशी नुसतं बोलायचं. तो कशाला काय म्हणतो ते ऐकून ठेवायचं. मग शिडीवर चढवायचा.

मी म्हणजे कसा, लोकांशी बोलायच्या आधी त्यांना शिडीवर चढवून खालून व्याकरण शिकवणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधल्या याद्या फाडायला गेलो तर फाडण्यासारखी एकच उरली होती. बाकीच्यांत खिळे बांधलेले होते. एकीने कुणीतरी करवतीचं तेल पुसलं होतं. माझ्या चळवळीचा एवढा थेट उपयोग कामगारांना प्रथमच झाला असावा.

तिथून तपासनिसाच्या कचेरीत. या इमारतीत मी फक्त घोषणा देत शिरलेलो. पायऱ्यांवर बसलेलो, फाटक अडवलेलं, पण दारावर टकटक कधी केली नव्हती. शिपायाने मला बघून आधी मागे जमाव आहे का ते पाहिलं. तपासनिसाने बसायला सांगितलं, जे त्याने करायला नको होतं, कारण बसल्यावर माझा आवाज चढत नाही. मी म्हटलं, परीक्षा पुन्हा घ्या. तो म्हणाला, नियम तुमचाच आहे. फेरपरीक्षा मिळते, पण पहिल्या वेळी काय बिघडलं आणि कुणामुळे, हे लेखी हवं. ते कलमही मीच घालायला लावलं होतं, कंत्राटदाराला अडकवायला.

मी लिहिलं. टोळीप्रमुखाची चूक नाही. त्याची काम करायची रीत मी ठराव करून बंद पाडली. दोष निवेदकाचा. सही. सही करताना हात एवढा जड झाला की वाटलं, आढं मीच उचलतोय. तपासनिसाने कागद वाचला, लाल पेनने दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि मंजूर लिहिलं. मी गप्प बसलो. त्याला वाटलं असेल, माझी तब्येत बरी नाही.

फेरपरीक्षा पुढच्या आठवड्यात. त्याच सकाळी टोळीतल्या शहरवाल्याच्या तळहाताला गळू झालेलं निघालं. दोर धरायला एक माणूस कमी. कंत्राटदाराचा माणूस घेतला असता, पण मामाने परांचीवरून माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मी पंधरा वर्षं दोर धरलेला नाही. मामा म्हणाला, धरलेला विसरत नाही माणूस. मी चपला काढल्या, बाह्या वर केल्या. तपासनिसाने खुर्ची जरा मागे सरकवून घेतली.

“हळू,” मामा म्हणाला, आणि या वेळी थांबला नाही.

डोंगरवाल्याला त्याचा शब्द, खाडीवाल्याला त्याचा, समोरच्या दोरावरच्या नदीवाल्याला त्याचा. कुणी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं. लाकूड वर निघालं, डोहातून म्हैस उठते तसं, जड पण सलग. हाका एकात एक अडकत होत्या, मध्ये फट नाही. माझ्या हातात दोर सरकत होता आणि मी घामाने आंधळा झालो होतो. डावं टोक खोबणीच्या तोंडाशी आलं. आता माझ्या बाजूचा भार क्षणभर जागेवर पेलायचा होता.

“खुट्याला घे,” मामा म्हणाला. मला. एकेरीत.

माझ्या यादीत तो खुंटा होता, अनुस्वारासह, अकराव्या नंबरवर. खुटा माझी आई म्हणायची. शहरात आल्यावर पहिल्याच कामावर एक मुकादम त्या शब्दाला हसला, त्या दिवशी मी तो टाकला, पंचवीस वर्षांत पुन्हा तोंडातून काढला नाही. निदान मला तसं वाटत होतं. पण हे सगळं मला नंतर आठवलं. तेव्हा फक्त एवढं झालं की माझ्या हातांनी दोराचा वेढा घातला होता, पक्का, आणि भार थांबला होता, आणि मी अजून विचार सुरूही केलेला नव्हता.

वरून मोगरीचे दोन ठोके आले. मग दुसऱ्या टोकाकडून दोन. पाचर बसली, पच्चर बसली, काय म्हणायचं ते म्हणा.

मामाला माझा शब्द कुठून कळला, हे मी नंतर नदीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नेतेभाऊ, तुम्ही चिडलात की सगळं तुमच्या आईकडचंच बोलता. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे नेता झाल्यापासून बारा वर्षं, प्रत्येक सभेत. शुद्ध बोला, ताठ चाला, हे मी कोणत्या उच्चारात सांगत होतो, देव जाणे.

तपासनीस शिडी चढून गेला, लाकडावर पातळी मोजायची आपली पाणसळ ठेवली, बुडबुडा बघितला. उतरला आणि फॉर्म भरायला बसला. प्रत्येक रकाना भरताना ओठ हलत होते. शेवटच्या रकान्यापाशी थांबून त्याने नियमाप्रमाणे मला विचारलं, संघटनेची काही हरकत?

मी म्हटलं, नाही. तपासनिसाबरोबर आलेल्या कारकुनाने मान वर करून पुन्हा विचारलं. बारा वर्षांत त्या कचेरीच्या कागदावर संघटनेची हरकत नाही असं कधी लिहिलं गेलं नव्हतं, त्याला कुठे लिहायचं ते सापडेना.

तपासनिसाने सही केली. कार्ड वर नेऊन दिलं ते खाली उतरलेल्या खाडीवाल्याने. मामाने ते एकदा लांब धरून बघितलं, चष्म्याच्या डब्यात घातलं आणि पाचरीचं बाहेर आलेलं टोक कापायला करवत मागवली.

नदीवाल्याने दोर सोडून केव्हाच बिडी पेटवली होती. सगळे सावलीत गेले. मी एकटा वेढा आवळून, पाय रोवून उभा होतो, बोटं पांढरी पडलेली.

मामाने वरून वाकून बघितलं.

“सोड आता,” तो म्हणाला. “बसलंय ते.”